गोपाचलच्या मूर्ती आणि मामंजींचं बुडीत खातं



मागच्या वेळी दशम्यांची कृती लिहिली तेव्हा शेवटी म्हटलं होतं की या दशम्या लांबच्या प्रवासासाठी करते आहे. कुठे निघालात, असं बऱ्याच जणींनी विचारलं. आम्ही निघालो होतो ग्वाल्हेरला. हे, मी, मुलगा, सूनबाई आणि सातवीतला नातू. दिवाळीला पहाटे बस्तीत निर्वाणलाडू चढवला, घरी पाडवा आणि भाऊबीज झाली, आणि मिरजेहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. बरोबर दशम्या, शेंगाचटणी (बिनलसणाची, अर्थात), मेतकूट, भाजलेले पोहे आणि पाणी गाळायची दोन पांढरी फडकी.

ग्वाल्हेर का, तर प्रत्येकाचं कारण वेगळं. मुलाला शिंद्यांचा राजवाडा बघायचा होता, सुनेला किल्ला. नातवाला झाशीच्या राणीची समाधी बघायची होती. मला ओढ होती ती किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या आपल्या तीर्थंकरांच्या मूर्तींची. गोपाचल हे त्या डोंगराचं जुनं नाव. लहानपणी आमच्या पाठशाळेच्या गुरुजींनी एका जुन्या अंकातलं चित्र दाखवलं होतं. कड्याला टेकून उभे असावेत असे आदिनाथ भगवान, आणि त्यांच्या पायाशी मुंगीएवढी माणसं. ते चित्र मनातून गेलंच नाही.

पहिल्या दिवशी आम्ही पूर्वेकडच्या वाटेने किल्ला चढलो. ही वाट दगडी फरसबंदीची आहे, पायऱ्या नाहीत, पण चढ चांगलाच आहे. वाटेत एकामागून एक दरवाजे लागतात. किल्ला म्हणजे वालुकाश्माचा एक लांबट डोंगर, शहराच्या वर साधारण तीनशे फूट उठलेला. बाजू अशा सरळ की तट नसता तरी चढणं अवघड झालं असतं. दंतकथा अशी की सूरजसेन नावाच्या सरदाराला कुष्ठरोग झाला होता. ग्वालिपा नावाच्या साधूने त्याला इथल्या कुंडाचं पाणी पाजलं आणि तो बरा झाला, म्हणून किल्ल्याला साधूचं नाव. कुंड आजही आहे, सूरजकुंड. दंतकथा बाजूला ठेवली तरी या डोंगरावर सहाव्या शतकात सूर्यमंदिर होतं हे तिथे सापडलेल्या शिलालेखावरून कळतं. म्हणजे माणसांची वस्ती इथे दीड हजार वर्षांची तरी आहे.

चढताना मध्येच एक छोटंसं मंदिर लागतं. अख्खं एकाच खडकातून कोरून काढलेलं. त्याचं नाव चतुर्भुज मंदिर, विष्णूचं. बरेच लोक त्याच्यापुढून सरळ वर निघून जातात. मी मात्र तिथे बसलेच, आणि गुडघे दुखत होते म्हणून नव्हे! इथल्या शिलालेखात शून्य आहे. विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ चा हा लेख. देवाच्या फुलांसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी बाग दिली, आणि तिथल्या माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या, असा त्यातला व्यवहार. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण आज लिहितो तसंच काढलेलं आहे, फक्त जरा लहान. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक.

आता तुम्हाला माहीत आहेच, मी बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली. नोकरी केली नाही, पण यांच्या अडत दुकानाची कीर्द आणि खतावणी वीसेक वर्षं मीच लिहिली. त्यामुळे मला या लेखाचं फार कौतुक वाटलं. राजाच्या पराक्रमाचे लेख पुष्कळ असतात. हा हिशेबाचा लेख आहे. जमीन किती, तिच्यातून रोज यायचं काय, ते कुणी द्यायचं. दान द्यायचं तर असं लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या पिढीत वाद नकोत. नातू म्हणाला, "आजी, हे गणिताच्या पुस्तकात का नाही?" मी म्हटलं, तुझ्या सरांना जाऊन सांग.

वर पोहोचल्यावर समोर मानसिंह तोमराचा महाल येतो, मानमंदिर. राजा मानसिंहाने १४८६ ते १५१६ अशी तीस वर्षं राज्य केलं. महालाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशा बसवल्या आहेत. त्यांत पिवळ्या बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं. पाचशे वर्षांचा ऊन-पाऊस खाऊन तो निळा रंग अजून झळझळीत आहे. आत नाजूक जाळ्या आहेत, छोटी अंगणं आहेत, आणि खाली जमिनीच्या पोटात आणखी दोन मजले. गारव्यासाठी बांधलेले हे तळमजले पुढे तुरुंग झाले. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादबक्षला, याच किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि १६६१ मध्ये मारलं. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह इथेच संपला. खालच्या अंधारात उभं राहिल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, चला वर, मला इथे श्वास घेववत नाही." जवळच जौहरकुंड आहे. १२३२ मध्ये इल्तुतमिशने किल्ला घेतला तेव्हा आतल्या बायकांनी जिथे स्वतःला अग्नीच्या हवाली केलं, ती जागा म्हणून दाखवतात. तिथे मी णमोकार म्हटला आणि पुढे झाले. काही जागी बोलण्यासारखं काही नसतं.

पण याच किल्ल्यावर एक गुरुद्वारा आहे, दाताबंदीछोड. शिखांचे सहावे गुरू हरगोविंदसाहेब जहांगीराच्या कैदेत इथे होते. परंपरा सांगते की सुटकेचा हुकूम आला तेव्हा ते म्हणाले, इथे अडकलेले बावन्न राजे सुटणार असतील तरच मी बाहेर पडेन. बादशहाने अट घातली की तुमच्या वस्त्राला धरून जेवढे बाहेर येतील तेवढेच सुटतील. तेव्हा गुरूंनी बावन्न टोकांचा अंगरखा शिवून घेतला, आणि प्रत्येक राजा एकेक टोक धरून बाहेर आला. या सुटकेची आठवण शीख लोक दिवाळीला करतात. आपल्याला दिवाळी म्हणजे महावीर भगवंतांचं निर्वाण, त्यांना ती बंदिवानांच्या सुटकेची. दोन्हींत बंधन सुटण्याचीच गोष्ट आहे, हे मला त्या संगमरवरी ओट्यावर बसल्यावर जाणवलं.

सासबहू मंदिर बघून सूनबाई आणि मी दोघी हसलो. मुळात ते सहस्रबाहू, म्हणजे विष्णूचं मंदिर. १०९३ मध्ये पुरं झालं. लोकांच्या तोंडी सहस्रबाहूचं सासबहू झालं, आणि शेजारचं लहान मंदिर आपोआप सुनेचं ठरलं. मोठं सासूचं, छोटं सुनेचं. "नाव ठेवणारी सासूच असणार," हे आमच्या ह्यांचं मत.

दुसरा दिवस मी माझ्यासाठी राखून ठेवला होता. पश्चिमेकडून किल्ल्यावर गाड्या जातात, तो उरवाईचा रस्ता एका घळीतून वर चढतो. वळण घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांत मूर्तीच मूर्ती दिसायला लागल्या. काही कायोत्सर्गात उभ्या, काही पद्मासनात. कुणी कोनाड्यात, कुणी गुहेसारख्या खोलीत. आणि त्या सगळ्यांत उंच आदिनाथ भगवान, सत्तावन्न फूट. आपल्या कुंभोजच्या बाहुबलींची मूर्ती अठ्ठावीस फुटांची, म्हणजे तिच्या दुप्पट. जवळपास श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वरांएवढी. मी चपला काढल्या आणि रस्त्याच्या कडेलाच बसून नमस्कार केला.

या मूर्ती कुणी केल्या, हे ऐकण्यासारखं आहे. मानसिंहाच्या आधी त्याचे पूर्वज डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह राज्य करत होते. मूर्तींवरचे लेख त्यांच्याच काळातले, साधारण १४४० पासून पुढची तेहतीस-चौतीस वर्षं. एवढ्या काळात डोंगराच्या पाची बाजूंना मूर्तींचे समूह कोरले गेले. तोमर राजे स्वतः जैन नव्हते. पण त्यांनी आपल्या राजधानीच्या किल्ल्याचा कडाच जैनांना दिला. विचार करा, कडा म्हणजे किल्ल्याचं चिलखत. त्याला छिन्नी लावायला कोणता राजा सहज परवानगी देईल? पैसा घातला तो श्रावकांनी, व्यापाऱ्यांनी. मार्गदर्शन भट्टारकांचं. त्याच काळात रइधू नावाचा कवी ग्वाल्हेरात राहून अपभ्रंश भाषेत ग्रंथ लिहीत होता. त्याच्या ग्रंथांच्या प्रशस्तींमध्ये अशा श्रावकांचं भरभरून वर्णन आहे. कुणी ग्रंथ लिहून घेतला, कुणी मूर्ती करवली. राजांची नावं पाठ्यपुस्तकात येतात. या दुकानदारांची नावं रइधूमुळे उरली.

मूर्तींकडे नीट बघितलं की दुसरी गोष्ट दिसते. चेहरे नाहीत. कुठे नाक-डोळे छिन्नीने सपाट केलेले, कुठे अख्खं मस्तक गेलेलं, कुठे हात तुटलेले. कीर्तिसिंहाच्या काळातलं काम संपून पंचावन्न वर्षंही झाली नव्हती, तेव्हा १५२८ मध्ये बाबर हा किल्ला बघायला आला. त्याने आपल्या रोजनिशीत मानसिंहाच्या महालाची वाखाणणी केली आहे. उरवाईची घळही त्याला आवडली. पण या नग्न मूर्ती त्याला खटकल्या आणि त्या फोडण्याचा हुकूम दिला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. नंतर आपल्या लोकांनी काही मूर्तींना चुन्याचे, गिलाव्याचे चेहरे करून बसवले. दगडाच्या अंगावर तो जोड ओळखू येतो.

मी ते बघत उभी असताना शेजारी एक गृहस्थ होते, आमच्यासारखेच कुटुंब घेऊन आलेले. स्वभावाने चांगले असावेत, नातवाला त्यांनी आधी बिस्किटं देऊ केली होती. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, अच्छे से देख लो. किसने तोड़ा, याद रखना. एक दिन हिसाब करना है." आणि ते पुढे निघून गेले.

नातू गप्प झाला. तो गप्प बसणाऱ्यातला नाही. दुपारी दशमी खाताना त्याने हळूच विचारलं, "आजी, हिसाब करना म्हणजे कुणाशी?" मी काही बोलायच्या आतच त्याने वर्गातल्या त्याच्या जिवलग मित्राचं नाव घेतलं. तो मुलगा मुसलमान आहे. आमच्या घरी येतो. आमच्यात कांदा-लसूण नसतो हे त्याला पाठ आहे, म्हणून नातवाशी डबा वाटून खाता यावा यासाठी आपल्या आईकडून मुद्दाम जिरा-राईस करून आणतो. "त्याच्या आजोबांनी तोडलं का? त्याच्याशी बोलायचं नाही का आता?"

मैत्रिणींनो, घास तोंडात तसाच राहिला. बारा वर्षांचं पोर. मूर्ती बघायला आणलं होतं मी, आणि ते मनात काय घेऊन घरी जाणार, हे त्या अर्ध्या तासात ठरणार होतं. "असं काही नसतं रे" म्हणून विषय बदलणं सोपं होतं. पण त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. तोडलेलं होतं, तोडणाऱ्याने हुकूम दिला होता, आणि मलाही ते बघून रडू आलं होतं. हे काही झालंच नाही असं मुलांना सांगितलं तर ती आपलं ऐकायचं सोडून देतात, आणि मग त्या गृहस्थांसारख्या कुणाचं तरी ऐकतात.

मला मामंजींची आठवण झाली. आमचं अडत दुकान गूळ-हळदीचं. शेतकरी हंगामाआधी उचल न्यायचे आणि माल आला की फेडायचे. कुणाचं पीक बुडायचं, कुणी सरळ बुडवायचं. दर वर्षी हिशेब मिटवताना मामंजी मला पाच-सहा खाती काढायला सांगायचे आणि म्हणायचे, "ही बुडीत खात्यात टाक." लग्नानंतर पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, मग पान फाडून टाकू का? तर म्हणाले, "छे! पान फाडलं की वही खोटी झाली. रक्कम लिहिलेली राहू दे. नाव राहू दे. फक्त आता वसुलीला कुणी जायचं नाही." कॉलेजात मी बुडीत कर्जाची नोंद शिकले होते, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पुढे अशाच एका बुडव्याचा मुलगा मोठा होऊन हळद घेऊन दुकानात आला. मामंजींनी त्याला चहा पाजला, भाव दिला, पैसे रोख दिले. बापाच्या खात्याचा शब्दही काढला नाही. तो गेल्यावर मी बघितलं तर म्हणाले, "ते खातं त्याच्या नावावर नाही."

मी हे सगळं नातवाला सांगितलं. म्हटलं, बाबराने तोडलं हे खरं आहे, आणि ते आपल्या वहीत राहणार. कुणी म्हणालं पान फाडा, तर फाडायचं नाही. पण खातं बाबराच्या नावावर आहे. तुझ्या मित्राच्या नावावर नाही, आणि त्याच्या आजोबांच्याही नाही. त्याच्या दारात वसुलीला जायचा हक्क आपल्याला कुणी दिला? शिवाय हाच इतिहास बघ. मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य, या किल्ल्याचा राजा, त्याच्याकडून किल्ला लोदी सुलतानाने घेतला. आणि पुढे १५२६ ला पानिपतावर बाबराविरुद्ध हाच विक्रमादित्य लोदीच्या बाजूने लढता लढता मेला. आता सांग, यातलं कुणाचं येणं कुणाकडे काढणार?

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "पण ते काका म्हणाले, याद रखना." मी म्हटलं, याद तर ठेवायचीच.

मग त्याला जमेची बाजूही सांगितली, कारण एकाच बाजूचा हिशेब कधी जुळत नाही. तो आठवड्यातून दोनदा गाण्याच्या क्लासला जातो, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका परीक्षा देणार आहे. ते गाणं आपल्याकडे आलं कुठून? याच ग्वाल्हेरातून. इथे हस्सूखाँ आणि हद्दूखाँ हे ख्यालाचे उस्ताद होते. वासुदेवबुवा जोशी हे हस्सूखाँचे शिष्य. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवांनी विद्या घेतली आणि ती आपल्या इचलकरंजीला आणली. बाळकृष्णबुवांचे शिष्य आपल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे एका खाँसाहेबांनी एका जोशीबुवांना शिकवलं म्हणून आज सांगलीत जैनाचा पोरगा भूप गातो. हे कुणाच्या खात्यावर जमा करणार आपण?

"मग मी त्याला भूप ऐकवू?" नातवाने विचारलं. मित्राला, म्हणजे. मी म्हटलं, आधी बसव नीट, मग ऐकव.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत आम्ही डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, एक पत्थर की बावडीजवळ गेलो. तिथे पार्श्वनाथ भगवंतांची बेचाळीस फूट उंच पद्मासनातली मूर्ती आहे. सैनिक ही मूर्ती फोडायला आले तेव्हा काही चमत्कार घडला आणि ते पळाले, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. मूर्ती खरोखरच शांत आणि पूर्ण आहे. तिच्यापुढे बसल्यावर कुणालाच उठावंसं वाटेना.

पार्श्वनाथांची गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. कमठाने दहा भव वैर धरलं. मरुभूतीच्या भवापासून तो मागे लागला, तो शेवटी भगवान ध्यानात असताना त्यांच्यावर धारा ओतण्यापर्यंत. धरणेंद्राने फणा धरला. भगवंतांचं मन कमठावर रागावलं नाही, आणि धरणेंद्रावर लोभावलंही नाही. पाठशाळेत ही गोष्ट सांगताना आपण पाऊस आणि नाग यांतच रमतो. पण तिथे, तोडलेले चेहरे बघून आल्यावर, मला वेगळंच दिसलं. दहा भव वैर वाहून नेणं हे कमठाचं काम होतं. ज्याचं नुकसान झालं त्याने ते वाहिलं नाही, म्हणून तो मोकळा झाला. उत्तम क्षमा आपण दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी म्हणतो आणि क्षमावाणीला सगळ्यांना हात जोडतो. शेजारणीला, जावेला हात जोडणं त्या मानाने सोपं. पाचशे वर्षांमागच्या माणसाला क्षमा करायची तर कशी करायची, तो समोर नाही, त्याने मागितलेलीही नाही? मला वाटतं, ती अशीच करायची. त्याचं येणं त्याच्या जातीच्या, धर्माच्या, आडनावाच्या दुसऱ्या कुणाकडे न काढता.

एक गोष्ट मात्र मनाला टोचली ती लिहितेच. उरवाईच्या काही मूर्तींच्या पायांवर, गुडघ्यांवर अणकुचीदार दगडाने नावं कोरलेली आहेत. दोघांची नावं आणि मध्ये बदाम. कोनाड्यांत गुटख्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या. यातलं काही पाचशे वर्षांपूर्वीचं नाही, आणि ही खाती बुडीतही नाहीत, कारण देणेकरी अजून चालूच आहेत. आम्ही पाचांनी अर्धा तास घालून हाताला लागतील तेवढ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत भरून खाली आणल्या. नातवाने सर्वांत जास्त गोळा केल्या.

आता जाणार असाल तर थोडं कामाचं. किल्ला आणि मूर्ती एका दिवसात करू नका. पूर्वेची चढण एका दिवशी, उरवाई आणि पार्श्वनाथांचा समूह दुसऱ्या दिवशी. गुडघ्याचा त्रास असेल तर गाडीने उरवाईच्या रस्त्याने वर जा आणि पूर्वेच्या वाटेने उतरा, चतुर्भुज मंदिर उतरताना बघा. पायथ्याच्या गुजरीमहालात संग्रहालय आहे, तिथली ग्यारसपूरची शालभंजिका चुकवू नका. आमच्या ह्यांनी दोन वेळा फेरी मारली. ऊन फार लागतं, म्हणून ऑक्टोबरनंतरच जा. वर खाण्याची आपल्यासारख्यांची सोय धरून चालू नका. दशम्या, चटणी आणि गाळलेलं पाणी बरोबर ठेवा, आणि जेवण सूर्यास्ताआधी आटोपता येईल अशा बेताने खाली या. शिंद्यांचं राज्य असल्यामुळे शहरात अजून मराठी कानावर पडतं, तेवढंच माहेरपण! १८८६ पासून किल्लाही पुन्हा शिंद्यांकडे होता. झाशीच्या राणीची समाधी फुलबागेत आहे, शहरातच. नातवाने तिथे सलाम ठोकला.

आणि मुलांना नक्की न्या. तुटलेले चेहरे त्यांच्यापासून लपवू नका. फक्त त्या वेळी त्यांच्या शेजारी उभ्या राहा, दुसऱ्या कुणाच्या आधी तुम्हीच त्यांच्याशी बोला.

परवा नातवाचा मित्र आला होता. दोघांनी मिळून शाळेच्या प्रकल्पासाठी चतुर्भुज मंदिराच्या शून्याचं चित्र काढलं, खाली २७० आणि ५० लिहिलं. मी दोघांना शेंगापोळी दिली. पुढच्या वेळी तिचीच कृती लिहीन, बऱ्याच दिवसांची मागणी आहे.

जयजिनेंद्र.